तिमारेतानं वाहिलेली बट

अल्काथूस राजाची लेक इफिनोई कशानं मेली, सांगता येईल तुम्हाला?

नाही ना? मग राजाचं विचारा, अख्खं मेगारा गाव एका दमात सांगेल. राजानं गावकोट बांधला, तेव्हा दगड उचलायला खुद्द देव आला. त्यानं आपली वीणा ज्या दगडावर टेकवली, तो दगड अजून खडा मारला की वाजतो. शेंबडं पोरसुद्धा पाहुण्याला हाताला धरून तिथं नेतं. राजाचा एक मुलगा रानडुकराच्या शिकारीत गेला, दुसऱ्याच्या डोक्यात बापानंच रागाच्या भरात ओंडका घातला, हेही सगळ्यांना पाठ. एक लेक पेरिबोइया, तीही ठाऊक, कारण तिच्या पोटी नावाजलेला लढवय्या जन्मला. इफिनोईला ना नवरा, ना पोर. मग तिचं काय सांगायचं? "लग्नाआधी गेली बिचारी." झालं. एवढ्यात राजकन्या आटोपली.

आणि तरी बघा, लग्न ठरलेली पोर राजाच्या कोटाकडे जात नाही, वाजत्या दगडाकडे जात नाही. ती येते इफिनोईच्या थडग्यावरच्या दगडाकडे. दूध-मध घातलेलं पाणी ओतते, जन्मापासून पातं न लागलेली केसांची एक बट कापते, तांबड्या दोऱ्यानं बांधते आणि दगडावर ठेवते. त्याशिवाय आमच्याकडे कुणी सून उंबऱ्याच्या आत घेत नाही.

त्या दगडाची झाडलोट एकवीस वर्षं एका बाईनं केली. तिचं नाव तिमारेता. राजाच्या कोटाच्या भिंती मोजणाऱ्या शहाण्यांना ते नाव माहीत असायचं कारण नाही.

तिमारेता निसाया बंदरावर, मिठागरात जन्मली. बाप मीठ ओढायचा, आई टोपल्या वाहायची, दोघांच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. गावातल्या बायका म्हणायच्या, मिठागरातली पोर ओळखायला चाटून बघावी. तिमारेता म्हणायची, "चाटा की. अळणी जिभेला तेवढीच चव."

ती चौदाची असताना आई बाळंतपणात गेली. आमच्यात मेलेल्या माणसाला केस देतात. पण कुवार पोरीनं कानाजवळची चार टोकंच कापायची, मागची लांब बट राखायची, कारण ती इफिनोईची. पोरीला हे सांगायचं काम आईचं, आणि आईच समोर निजलेली. तिमारेतानं खुंटीवरची लोकरीची कातर काढली, सगळे केस मुळापासून कापले आणि आईच्या छातीवर ठेवले. आत्या पाण्याची घागर घेऊन आत आली तोवर होऊन गेलं होतं.

"अगं मेले, राजकन्येचं तरी राखायचं!" आत्यानं घागर तिथंच टेकवली. "सहा महिन्यांवर लग्न तुझं. आता दगडावर काय वाहशील, बापाची दाढी?"

लग्न मोडणं परवडणारं नव्हतं. मुलगा सिमोस शेजारच्याच मिठाच्या वाफ्यावर राबणारा, स्वभावानं गरीब, हाताचा मोकळा. असा पुन्हा मिळणार होता का? मग आत्यानं डोकं चालवलं. लोकरीत आमच्या गावाचा हात कोण धरणार! अथेन्सवाले आमच्या लसणाला नाकं मुरडतात आणि आमच्याच झग्यात गुरफटून झोपतात. आत्यानं काळ्या कोकराची लोकर घेतली, सात वेळा विंचरली, तेल लावलं, ओल्या बोटांनी पीळ दिला आणि डोक्यावरच्या ओढणीच्या आतून टाचली. लग्नाच्या आदल्या दिवशी तिमारेतानं ती कापली आणि दगडावर ठेवली. जवळ उभ्या बायका म्हणाल्या, "काय दाट केस गं पोरीचे!"

आत्या पुढं चार वर्षांनी गेली. गुपित तिघींत होतं, ते दोघींत राहिलं. एक तिमारेता, आणि एक दगडाखाली.

संसार चांगला झाला. सिमोसनं कधी हात उगारला नाही. प्यायला की भांडायचा नाही, गायचा, आणि इतकं भसाडं की शेजारची डुकरं ओरडायची. दोन मुलगे झाले, मग मिक्का झाली. मिक्का सगळ्यांत धाकटी, बोलकी, आईच्या मागाखाली बसून धाग्यांना टांगलेल्या मातीच्या वजनांशी भातुकली खेळणारी. अकरा वर्षांची असताना तापाच्या त्या उन्हाळ्यात चार दिवसांत गेली.

त्याच शरदात दगडाची जुनी झाडणारी म्हातारी वारली. जागेला कुणी पुढं येईना. तिमारेता खराटा घेऊन उभी राहिली. गाव म्हणालं, दुःखानं देवभोळी झाली. तसं काही नव्हतं. ती भांडायला गेली होती.

"मी तुला फसवलं ना?" रोज पहाटे ती दगडाशी बोलायची. "मग माझं माझ्या पदरात घालायचं. पोरीचं का घेतलंस?"

वर्षभर हेच. झाडायचं, सुकलेल्या बटा उचलून मातीच्या उंचवट्याच्या पायाशी पुरायच्या, आणि भांडायचं. मग माणसाचं होतं तसं झालं. भांडता भांडता ओळख झाली. सुना कशा वागतात, गुडघा कसा धरतो, यंदा लोकरीत गोचिड्या किती, सगळं इफिनोईला सांगून व्हायला लागलं. मिक्का असती तर पंधराची झाली असती त्या वर्षी एक दिवस तिचा खराटा थांबला. तिच्या मनात आलं, हीसुद्धा कुणाची तरी पोरच. हिलाही असाच ताप आला असेल. हिच्या आईनंही कपाळावर ओली फडकी ठेवली असतील. एवढी आपल्यासारखीच पोळलेली पोर दुसऱ्याची पोर कशाला नेईल? त्या दिवसापासून तिमारेतानं तिला दोष देणं सोडलं. पण गुपित मात्र कुणाला सांगितलं नाही. गावाची जीभ तिला पुरती ठाऊक होती. एक शब्द बाहेर पडला, की मिक्काचं मरण आईच्या माथी.

आता लिदाची गोष्ट. लिदा एका झगेवाल्याच्या कारखान्यात दासी. लहान असतानाच कुठल्याशा जहाजातून उतरवून विकलेली. मालक मरताना तिला मोकळी करून गेला. तेव्हा तिच्याजवळ अंगावरचं वस्त्र होतं आणि डोक्यावर बोटाच्या पेराएवढे केस. दासींचे केस वाढू देत नाहीत आमच्याकडे, माहीत आहे ना? तिमारेतानं तिला आपल्या मागावर घेतलं. पोरगी कामाला वाघ आणि बोलायला विंचू.

"मावशी, हा धागा कुणी कातला? मेंढीनं स्वतः?"

"मी कातला, टवळे."

"तरीच. मेंढीला जमलं असतं."

घरात मिक्कानंतर पहिल्यांदा हसू आलं ते असं.

सिमोस तोवर गेला होता. मुलगे मिठागरात आपापल्या संसारात. दोघी बाया एका मागाच्या दोन बाजूंना उभ्या राहून दिवस काढायच्या. जवाची भाकरी, लसूण, कधी खारवलेली मासळी. त्यांचं कापड धुवायला जायचं दामिसकडे. दामिस म्हणजे धोबीघाटातला गडी, दिवसभर हौदात उभा राहून, मळ निघावा म्हणून लोकर मुतात तुडवणारा. बायको पहिल्या बाळंतपणात गेलेली, मूलही गेलेलं. कापड द्यायला-घ्यायला लिदा जायची, आणि हळूहळू कापड वरचेवर मळायला लागलं.

"पोरी, त्याला वास येतो," तिमारेतानं एकदा बजावलं.

"माझ्या नाकाला दहा वर्षं मालकाचा वास आला, मावशी. हा त्यापुढं अत्तर."

 तिमारेतानं भाकरीचा मोठा तुकडा लिदापुढं सरकवला.

दामिसची आई फिलिन्ना बाजारात लसणाच्या माळा विकायची. तिखट बाई. पण लिदा दासी होती म्हणून तिनं नाक मुरडलं नाही. तिची अट एकच होती.

"इफिनोईच्या दगडावर बट वाहिल्याशिवाय ही माझ्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही," फिलिन्ना म्हणाली. "एक सून पुरली मी. दुसरी पुरायची ताकद नाही माझ्यात. राजकन्या रागावली तर पहिल्या बाळंतपणात नेते, सगळे म्हणतात."

"केस बोटभर आहेत गं तिचे, फिलिन्ना. आणि त्यांना पातं लागलेलं आहे."

"मग वाढू देत. वर्ष थांबू."

"पातं लागलेलं वाढून बिनपात्याचं होतं का? दहा वर्षं थांबलीस तरी तेच."

फिलिन्नानं माळेतला एक लसूण उगाच सोलला. "तू तिथली झाडणारी. बघ काहीतरी. पण वाहिल्याशिवाय नाही."

तिमारेतासमोर सोपी वाट होती. काळी लोकर घरातच होती, आत्याची कला हातात होती. तिनं एक दुपार लोकर विंचरायलाही घेतली. लिदानं बघितलं.

"हे काय, मावशी?"

तिमारेतानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. आईपासून मिक्कापर्यंत सगळं सांगितलं. लिदा ऐकून घेत राहिली. मग तिनं ती लोकर उचलली आणि टोपलीत परत टाकली.

"मी आयुष्यभर दुसऱ्याची म्हणून जगले," ती म्हणाली. "आता पहिल्यांदा काही द्यायचं, तर माझं देईन. बोटभर तर बोटभर. नको असेल तर राजकन्येनं सांगावं. मेंढीचं नाही देणार."

पोरीचं बोलणं तिमारेताला झोंबलं. पण खोटं काय होतं त्यात?

हिवाळ्यातल्या लग्नांच्या महिन्यात, एका सकाळी फिलिन्ना, लिदा आणि तिमारेता दगडाजवळ आल्या. बघतात तर तिथं पंधरा-वीस बायकांचा घोळका. आर्किप्पाच्या भाचीची बट होती त्या दिवशी. आर्किप्पा म्हणजे गावच्या कारभाऱ्याची बायको, बायकांच्या पूजेअर्चेचा सगळा कारभार तिच्या मुठीत. खराटा कुणाच्या हाती द्यायचा, तेही तीच ठरवायची. भाचीची बट वाहून झाली, कौतुक झालं. लिदा पुढं झाली तशी ओढणी घसरली आणि ते बोटभर केस दिसले.

"थांब," आर्किप्पा म्हणाली. "हिचा बाप कोण?"

फिलिन्ना चाचरली. लिदानंच उत्तर दिलं. "ठाऊक नाही, बाई. विकताना कुणी सांगितलं नाही."

दोघी-तिघी फसकन हसल्या. आर्किप्पा हसली नाही. "ही राजकन्येची जागा आहे. गावच्या लेकींची. बाहेरून आणलेल्यांची नाही."

तिमारेता हातात पाण्याचं भांडं धरून उभी होती. तिनं ते खाली ठेवलं.

"आर्किप्पाबाई, पलीकडे ईनोचं स्थान आहे. तिथं दर वर्षी तुम्हीच नैवेद्य नेता. ईनो कुठली?"

"थेबेसची. राजाची मुलगी."

"आपल्या किनाऱ्यावर कशी आली?"

"समुद्रातून वाहत. सगळ्या जगाला ठाऊक आहे."

"आली तेव्हा मढं होतं, फुगलेलं, माशांनी टोचलेलं. आपल्या गावच्या दोन पोरींनी उचललं आणि पुरलं. राजाची लेक म्हणून त्या मढ्याच्या कपाळावर लिहिलं होतं का? त्या पोरींनी बाप विचारला का?"

 आर्किप्पाचा आवाज चढला. "तोंड सांभाळ, तिमारेता. बापाचं सोड. त्या केसांना पातं लागलंय, ते तर दिसतंय ना? असलं वाहिलं की राजकन्या जीव घेते. आपण सगळ्यांनी बघितलंय."

 फिलिन्नानं लिदाचा दंड धरून मागं ओढलं. "चल गं. नको. मला नको हे."

लग्न तिथंच मोडत होतं. तिमारेताला ते दिसलं. दगडाकडे पाठ करून ती बायकांच्या पुढ्यात उभी राहिली.

"मी इथं मेंढीची लोकर वाहिली," ती म्हणाली.

कुणाला कळेना, ही काय बोलते.

"अडतीस वर्षांपूर्वी. माझे केस मी आईला दिले होते, सगळे. आत्यानं काळी लोकर टाचली ओढणीत. मी ती कापून इथं ठेवली. केससुद्धा नव्हते ते. मला काय झालं? तीन बाळंतपणं झाली, उभी आहे समोर."

 मग मागून एक आवाज आला. कुणाचा ते तिमारेतानं पुढं कधीच सांगितलं नाही.

"आणि तुझी मिक्का?"

ह्याच प्रश्नाच्या भीतीनं बाई इतकी वर्षं तोंड शिवून बसली होती.  लिदा हात सोडवून तिच्या बाजूला येऊन उभी राहिली, नुसतीच.

"मिक्का तापानं गेली," तिमारेता म्हणाली. आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. "त्या उन्हाळ्यात ह्या गावात एकतीस पोरं गेली. मी मोजलीत. तुझा भाऊ गेला, एउफ्रो. तुमचा धाकटा गेला, आर्किप्पाबाई, दोन वर्षांचा. तुम्ही काय लोकर वाहिली होती का? एकतीस आयांनी वाहिली होती? मी वर्षभर हिच्याशी भांडले, मारेकरीण म्हणून. तुम्ही कुणी भांडायलाही आला नाहीत. पोरगी आहे ही. लग्न ठरलं असेल नाहीतर ठरायचं असेल, अंगात ताप भरला आणि गेली. आपल्यासारखीच कुणाची तरी. तिला तुम्ही डाकीण करून बसवलंय, आणि वर राजकन्या म्हणून पाया पडता!"

आर्किप्पानं भाचीचा हात धरला. धाकट्याचं नाव तिच्यासमोर वीस वर्षांत कुणी काढलं नव्हतं.

बोलली ती फिलिन्ना. हळू, स्वतःशीच बोलावं तशी. "फानोची बट गुडघ्यापर्यंत होती. माझ्या पहिल्या सुनेची. पातं न लागलेली. मीच बांधली तांबड्या दोऱ्यानं. इथंच ठेवली." तिनं दगडाकडे बघितलं. "सगळं रीतीनं केलं होतं गं मी. काही चुकलं नव्हतं. तरी गेली."

"नाहीच चुकलं तुझं," तिमारेता म्हणाली.

फिलिन्ना मटकन खाली बसली आणि रडली. बाजारात हातभर जिभेची म्हणून जिला सगळे भ्यायचे, ती बाई पदर तोंडात कोंबून रडली. मग नाक पुसून उठली, आर्किप्पाच्या शेजारून पुढं गेली आणि दगडावरची सुरी उचलून लिदाच्या हातात दिली.

"काप," म्हणाली. "पण कान सांभाळ. बोटभर केसांत सुरी घालायची म्हणजे मेंढी भादरण्यापेक्षा अवघड काम."

लिदानं कापली. चिमूटभर केस, दोऱ्यात बांधायला गेलं की निसटायचे. शेवटी तिमारेतानं थुंकी लावून गाठ मारली. आर्किप्पानं अडवलं नाही. ती आधीच भाचीला घेऊन वाटेला लागली होती.

लग्न चार दिवसांत झालं. लिदा आजही धोबीघाटाजवळ राहते, तिला दोन लेकी आहेत, आणि तिच्या हातचा झगा पाऊस आत येऊ देत नाही.

तिमारेताला मात्र भोगावं लागलं. पाचव्या दिवशी कारभाऱ्याकडून निरोप आला. खराटा दुसऱ्या बाईला दिला. नव्या बाईला फर्मान सोडलं, की आधी बापाचं नाव विचारायचं, मग ओढणी वर करून केस बघायचे, मगच सुरी द्यायची. विहिरीवर बायका दोन गटांत वाटल्या. काही तिला लोकरवाली म्हणायच्या, ती जाताना पोरींना पदराआड घ्यायच्या. काही मात्र एकट्या-दुकट्या तिच्या घरी यायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि गेलेल्या पोराबद्दल बोलून जायच्या. एकदा एउफ्रो आली, भावाबद्दल तासभर बोलली.

तिमारेता रोज सकाळी दगडाकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला, गावच्या सभागृहाच्या पायरीवर बसून इफिनोईशी बोलायची. खराटा नाही, काही नाही. "झाडता येत नाही म्हणून बोलताही येत नाही, असं कुठंय?" म्हणायची. मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात गेली. लिदा आणि फिलिन्ना दोघींनी तिला न्हाऊ घातलं.

फर्मान अजून तसंच आहे. लग्नांचा महिना लागला की वाटेच्या पलीकडे, झाडाखाली, एखादी पोर उभी दिसते. डोक्यावरची ओढणी घट्ट धरलेली. बाप नसलेली, नाहीतर विकून सुटलेली, नाहीतर दुखणाईत असताना केस उतरवलेली. ती पुढं येत नाही. कुणी बोलावेल म्हणून वाट बघते आणि मग निघून जाते. तुम्ही त्या वाटेनं गेलात आणि अशी कुणी दिसली, तर तिला हाताला धरून दगडापर्यंत घेऊन जा. नव्या झाडणारीनं बाप विचारला तर तुमचं नाव सांगा.